आपल्याला रहस्य हवं, रजिस्टर नको

"कोल्हापूरच्या राजाला वेडा ठरवून कुणी मारलं?" असा एक व्हिडिओ सध्या आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मागे भुताच्या पिक्चरचं म्युझिक, किल्ल्याचा अंधारातला फोटो, आणि शेवटी खर्जातला आवाज: हे रहस्य कधीच उलगडणार नाही. खाली कमेंटमध्ये "अंगावर काटा आला", "पार्ट टू कधी?" पाठवणाऱ्यांत माझे वकिलांच्या बारमधले मित्रही आहेत, ज्यांची हयात फौजदारी कोर्टात गेली. म्हणून हे लांबण लावतोय. वेळ असेल तर वाचा, नसेल तर पुढं सरका, राग नाही.

मला चीड आली ती त्या शेवटच्या वाक्याची. कधीच उलगडणार नाही म्हणजे काय? सरकारी पहाऱ्यात, बंद जागेत माणूस मेला तर साधा हवालदारसुद्धा चार गोष्टी विचारतो. आत कोण होतं, किल्ली कुणाकडे होती, डॉक्टरनं काय लिहिलं, आणि वर कळवलं कधी. आपण मात्र चौथ्या शिवाजी महाराजांच्या 1883 मधल्या मृत्यूकडे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गोष्ट म्हणून बघतोय आणि मिटक्या मारतोय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला इटलीत, फ्लॉरेन्सला वारले. वय जेमतेम वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला. तिथं आज त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे, शेजारच्या पुलालाही लोक 'इंडियनचा पूल' म्हणतात, आणि आपल्यापैकी जे युरोप टूर करून आलेत त्यांचा तिथला फोटो ठरलेला असतो. त्यांच्यामागं 1871 मध्ये दत्तक घेतलं ते आठ वर्षांचं पोर म्हणजे चौथे शिवाजी महाराज. त्यांचा फोटो काढायला कुणी कुठं जात नाही.

हे पोर वाढलं इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि नेमलेल्या कारभाऱ्यांच्या देखरेखीत. विशीत येईपर्यंत महाराजांचं डोकं ठिकाणावर नाही अशी बोलवा झाली. ते आजारी होते की छळानं तसे झाले, की दोन्ही, यावर तेव्हाही भांडण होतं. 'केसरी' आणि 'मराठा' ही वर्तमानपत्रं 1881 च्या जानेवारीत निघाली होती, म्हणजे वर्षाचीही नव्हती, आणि त्यांनी हा विषय धरला. महाराजांना वाईट वागवलं जातंय, आणि त्यामागं कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा त्यांचा रोख. पुराव्यादाखल बर्व्यांची म्हणून काही पत्रं छापली. बर्व्यांनी बदनामीचा खटला टाकला. पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफीही मागितली, पण 1882 च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झालीच. सुटले ऑक्टोबरात, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. शिवाय तुरुंगात बसून त्यांनी शेक्सपिअरचं हॅम्लेट मराठीत आणलं. वेडा म्हणवला गेलेला राजपुत्र, चुलत्याच्या हातातलं राज्य! विषय डोक्यातून गेला नव्हता, एवढं तर दिसतंच.

या खटल्याबद्दल आपल्याकडं दोन पार्ट्या. एक म्हणते टिळक-आगरकर कोल्हापूरसाठी तुरुंगात गेले, धन्य धन्य. दुसरी म्हणते खोट्या पत्रांवर बोंब मारली, बरं झालं. वकील म्हणून मला दोन्ही पटत नाही. प्रश्न रास्त होता, पुरावा कच्चा होता. एका कच्च्या कागदानं रास्त प्रश्न कसा मरतो हे आम्ही कोर्टात दर आठवड्याला बघतो. पत्रं बनावट ठरल्याबरोबर सगळी चर्चा पत्रांवर गेली आणि महाराजांना कसं ठेवलंय हे विचारणारं कुणी राहिलं नाही. कोंडलेल्या माणसाच्या बाजूनं बोलायचं तर एक एक कागद दहादा तपासावा लागतो, कारण समोरच्याला तुमची एकच चूक पुरते.

त्या प्रकरणातला माझा आवडता माणूस मात्र तिसराच. टिळक-आगरकरांना जामीन हवा होता, रक्कम दहा हजार. 1882 चे दहा हजार! जोतीराव फुल्यांनी शब्द टाकला आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी जामीन भरला. फुल्यांचं आणि या मंडळींचं किती पटत होतं हे मी सांगायला नको, शाळकरी पोरंही सांगतील. तरी एका राजाला कोंडून ठेवल्याबद्दल लिहिणाऱ्या दोन तरुण संपादकांसाठी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा माणूस धावला. आपल्या बाजूच्या माणसासाठी जामीन राहणारे मी रोज बघतो. आपल्या बाजूचा नसलेल्यासाठी राहणारे फार बघितले नाहीत.

महाराजांना वेडं ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. 25 डिसेंबर 1883, नाताळचा दिवस. त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जराशी त्यांची झटापट झाली आणि महाराज गेले. वय वीस. त्यांच्या आधीचेही विसाव्या वर्षी गेले होते, पण फ्लॉरेन्सला डॉक्टर होते, हॉटेल होतं, बरोबरची माणसं होती. इथं आजूबाजूला सगळा सरकारचा पहारा.

आता व्हिडिओवाले काय करत नाहीत ते बघा. ते तारीख सांगतात, पण त्या तारखेला देशात काय चाललं होतं ते सांगत नाहीत. 1883 हे इल्बर्ट बिलाचं साल. हिंदी न्यायाधीशांना जिल्ह्याच्या कोर्टात गोऱ्या आरोपीचा खटला चालवू द्यायचा का, एवढाच मुद्दा, आणि त्यावरून गोऱ्यांनी वर्षभर आकाशपाताळ एक केलं होतं. 1884 च्या जानेवारीत तो कायदा झाला तोही तडजोड करून: गोऱ्या आरोपीनं मागितलं तर निम्मी ज्यूरी गोरी हवी. म्हणजे गोरा सोल्जर आणि हिंदी राजा यांच्यात झटापट होऊन राजा मेला, तो नेमका हा वाद तापलेला असताना. अशा वेळी चौकशी किती मोकळेपणानं होणार होती याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

त्याच्या आधीचं एक उदाहरण आहे. आग्र्याला फुलर नावाचा इंग्रज वकील. (आमच्याच धंद्यातला, काय करणार.) मोतद्दारानं घोडागाडी आणायला उशीर केला म्हणून त्याला मारलं, तो बिचारा मेला. डॉक्टरनं सांगितलं, पानथरी (प्लीहा) आधीच वाढलेली होती, ती फुटली. मॅजिस्ट्रेटनं फुलरला दंड केला 30 रुपये. 1876 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटनला या निकालावर लेखी नाराजी नोंदवावी लागली, आणि लिटन काही आपला कनवाळू म्हणून प्रसिद्ध नव्हे. मारणाऱ्याऐवजी मेलेल्याच्याच शरीरात दोष काढायचा ही पद्धत तेव्हाची. आजही कोठडीतला माणूस गेला की पहिली बातमी येते "हृदयविकाराच्या झटक्यानं".

कमेंटमध्ये आणखी एक सूर असतो, दबक्या आवाजातला: फायदा कुणाला झाला ते बघा. रीजंट, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार बघणारे, होते कागलकर घाटगे, आणि पुढं दत्तक आले ते त्यांचेच चिरंजीव यशवंतराव, म्हणजे आपले शाहू महाराज. मी सरळच लिहितो, कारण कुजबुजीपेक्षा ते बरं. फायदा झाला हा पुरावा नसतो. तसं असतं तर प्रत्येक मृत्युपत्राच्या केसमध्ये वारसाला आत टाकावं लागेल. रहस्याची चटक लागलेल्या माणसाला दरबारातला खलनायक हवा असतो, कारण त्याच्यावर सिरियल निघते. पहाऱ्याचा नियम काय होता, ड्युटी कुणी लावली, वैद्यकीय तपासणी कधी झाली, यावर सिरियल निघत नाही.

पण खरी रहस्यं उलगडली आहेत ती असल्याच कंटाळवाण्या कागदांतून. पंजाबातले जसवंतसिंग खालरा बघा. बँकेत नोकरीला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडं घराघरातून पोरं गायब होत होती आणि कुठं गेली ते कुणी सांगत नव्हतं. खालरांनी काय केलं? अमृतसरच्या स्मशानात गेले आणि पालिकेची रजिस्टरं काढली. पोलिसांनी आणून 'बेवारस' म्हणून जाळलेली प्रेतं किती, त्यांना लाकूड किती दिलं, कुठल्या ठाण्यानं आणली. लाकडाचा हिशोब कुणी लपवत नाही, कारण त्याचं बिल काढायचं असतं! त्या नोंदींनी हजारो घरांच्या प्रश्नाला तोंड फुटलं. 6 सप्टेंबर 1995 ला खालरांना त्यांच्याच घरासमोरून उचललं आणि ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी परमजीत कौर सुप्रीम कोर्टात गेल्या. सीबीआयच्या चौकशीत एकट्या अमृतसर जिल्ह्यात 2,097 बेकायदा अंत्यसंस्कार निघाले. खालरांच्या खुनाबद्दल 2005 मध्ये पोलिसांना शिक्षा झाली. दहा वर्षं लागली, पण झाली. कुणी "हे रहस्य कधीच उलगडणार नाही" म्हणून बसलं असतं तर आजही तिथं फक्त कुजबुज असती.

लांब पंजाबात कशाला. 2017 च्या नोव्हेंबरात शेजारच्या सांगलीत पोलीस कोठडीत एक तरुण मेला. सांगण्यात आलं काय, तर आरोपी पळून गेला. प्रत्यक्षात त्याचं प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळलं होतं, हे तपासात बाहेर आलं. "पळून गेला" यावर त्याच्या घरच्यांनी विश्वास ठेवला नाही, ठाण्यासमोरून हलले नाहीत, म्हणून बाहेर आलं. ते मानवी हक्कांचे कार्यकर्ते वगैरे नव्हते. ते फक्त विचारत राहिले की माणूस तुमच्या ताब्यात दिला होता, आता दाखवा.

यासाठी कायदा आहे, आणि तो बऱ्यापैकी चांगला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग 1993 मध्ये आला आणि त्याच वर्षी आयोगानं सांगून टाकलं की कोठडीतला मृत्यू 24 तासांत आम्हाला कळवा. 1996 च्या डी. के. बसू निकालानं अटकेचा मेमो, नातेवाइकांना खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळं बांधून दिलं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 2005 च्या दुरुस्तीनं कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी आली. नुसत्या 48 तासांच्या तपासणीचंच घ्या. अशी नोंद 1883 मध्ये नगरच्या किल्ल्यात ठेवली गेली असती आणि आज आपल्या हातात असती, तर या व्हिडिओला म्युझिक लावायची गरजच पडली नसती.

कागदावरचा कायदा आणि दारातला माणूस यात मात्र अंतर असतं. बिंदू चौकातलं सबजेल तुम्हाला माहीत आहे. मध्यंतरी तिथं मुलाखतीच्या रांगेजवळ उभा होतो, एका अशिलाच्या कामासाठी. शाहूवाडीकडची एक म्हातारी, पदराच्या टोकाला आधार कार्ड बांधलेलं, माझा काळा कोट बघून जवळ आली. मुलगा आत, कसल्याशा मारामारीच्या केसमध्ये. तिनं जामीन कधी होईल ते विचारलं नाही, वकिलाची फी विचारली नाही. म्हणाली, "सायेब, आत त्येला कोण मारत न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई मावशी, हितं न्हाई मारत." "तुमी बगितलंय?" आता याला काय उत्तर देणार? मी बघितलेलं नव्हतं. मग तिला सांगितलं, भेटशील तेव्हा त्याला हात वर करून शर्ट काढायला लाव, पाठ बघ, आणि काही दिसलं तर तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर बोलायला सांग, ते लिहून घ्यावं लागतं. तिनं दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. पाठ बघायची, तारखेला बोलायचं.

तिथून चार पावलांवर फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा आहे. 9 डिसेंबर 1950 ला भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बसवलेले, बाबासाहेब हयात असताना. जयंतीला तिथं हारांचा डोंगर असतो. म्हातारीचं लक्ष जेलच्या दरवाजाकडं होतं आणि ते बरोबरच होतं.

शाहू महाराजांचं 26 जुलै 1902 चं फर्मान आणि माणगाव परिषद तुम्हाला तोंडपाठ आहे, ते सोडतो. एक गोष्ट भाषणांत फारशी येत नाही ती सांगतो. चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणीसाहेब, आनंदीबाई. त्यांनीच 17 मार्च 1884 ला यशवंतरावांना दत्तक घेतलं. म्हणजे नवरा नगरच्या किल्ल्यात वारून तीन महिनेही झाले नव्हते. नऊ वर्षांचा मुलगा ज्या घरात राजा म्हणून आला, त्या घरातली दत्तक आई कोठडीत मेलेल्या माणसाची विधवा होती. त्या मुलाच्या कानावर काय पडलं असेल? मला वाटतं, आणि हे माझंच वाटणं आहे, पहारा आणि हजेरी म्हणजे काय असतं हे त्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. ज्या जातींना सरकारनं जन्मानं गुन्हेगार ठरवून रोज चावडीवर हजेरी लावायला लावली होती, त्यांची हजेरी त्यांनी 1918 मध्ये बंद केली. सोनतळीच्या कॅम्पवर पहाऱ्याला फासेपारधी ठेवले. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा तेच पहारेकरी! नगरला गोऱ्या सोल्जराच्या पहाऱ्यात एक छत्रपती गेले होते, आणि पुढचे छत्रपती पारध्यांच्या भरवशावर निवांत झोपत होते.

गंगाराम कांबळ्यांचं तर आहेच. अस्पृश्य असून हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना सरकारी पागेतल्याच सवर्ण नोकरांनी फोडून काढलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. आल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी त्यांना पैसे देऊन भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं, 'सत्यसुधारक', आणि गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे. लोक चहाची गोष्ट सांगतात. मला वळ दाखवण्याची जास्त महत्त्वाची वाटते. मालकासमोर सदरा काढून पाठ दाखवायला धाडस लागतं, आणि त्याहून दुर्मिळ म्हणजे बघणाऱ्यानं बघणं. आता त्याच भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर हॉस्पिटलसमोर, 2025 च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. त्यासाठी आम्ही वकिलांनी किती वर्षं कोट घालून रस्त्यावर उन्हं खाल्ली ते आणखी कधीतरी.

आणि कॉम्रेड गोविंद पानसरे, आपले अण्णा. ते मूळचे नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचे. शिकायला कोल्हापुरात आले, पेपर टाकले, नगरपालिकेत शिपाई झाले, शाळामास्तर झाले, मग वकील. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून येताना सागरमाळजवळ त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. 20 तारखेला अण्णा मुंबईत गेले. दाभोलकरांच्या खटल्यात 2024 च्या मे महिन्यात दोघांना जन्मठेप झाली, आणि सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही हे कोर्टानंच नोंदवलं. अण्णांचा खटला दहा वर्षं उलटली तरी चालूच आहे. चालू खटल्यावर मी जास्त बोलणार नाही, बोलूही नये. पण परवा एका पोराच्या रीलवर "पानसरे मर्डर मिस्ट्री" असं वाचलं आणि टाळकं सटकलं. ज्या शहरात दर महिन्याच्या 20 तारखेला माणसं जमून निर्भय मॉर्निंग वॉक करत आली, त्या शहरात हा खून करमणुकीच्या खात्यात गेला?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. चौथ्या शिवाजी महाराजांचं प्रकरण कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण म्हणून कुणीतरी नीट उघडावं. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं शाहू महाराजांचे कागद खंडच्या खंड छापले, तसं या वीस वर्षांच्या मुलासाठीही व्हायला हवं. आपल्या पुरालेखागारात संस्थानचे दप्तर आहे, पुण्या-मुंबईत रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार आहे, आणि कागद मोडीतले असले तर मोडी वाचणारी पोरं आता पुन्हा तयार होतायत. नगरच्या किल्ल्यात 1942 मध्ये नेहरूंना ठेवलं ती जागा जपली आहे, लोक बघायलाही जातात. महाराजांना कुठं ठेवलं होतं हेही तिथल्याच कुणीतरी नकाशावर दाखवावं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, परवानगीचा अर्ज लिहायला मी बसतो.

मोडी येणारं कुणी असेल, किंवा ज्यांच्या घरात त्या काळच्या दरबारी नोकरांचे कागद ट्रंकेत पडून असतील, त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. ओरिजिनल कुणाला देऊ नका, मलाही नको, मोबाईलवर फोटो काढून पाठवा, पानाच्या दोन्ही बाजूंचा. आणि "पार्ट टू कधी?" विचारणाऱ्यांना शनिवारी दुपारी पुरालेखागाराच्या नियमांची झेरॉक्स वाटणार आहे, चहा माझ्याकडून.